गोंदा बागकाम शिकतो

एका गावात एक भोळा पोरगा होता, गोंदा. सांगाल ते ऐकायचा. सगळी पंचाईत तिथेच होती.

मास्तर त्याच्या आईला म्हणाले, "बागेत राबलं की मूल शहाणं होतं." आईनं लगेच त्याला यमुआत्याच्या परसात धाडलं.

आत्यानं तण दाखवलं. "जे आपण लावलं नाही, ते उपटायचं."

गोंदा घरी आला. गोठ्यात खुंटा दिसला.

"बाबा, हा तुम्ही लावलात?"

"लावतोय कशाला? ठोकलाय."

गोंदानं तो उपटला. गाय थेट शेजाऱ्याच्या ज्वारीत. बाबा दिवसभर तिच्यामागे पळाले. शहाणपणाला सुरुवात तर झाली!

दुसऱ्या दिवशी आत्या म्हणाली, "रोपानं मान टाकली की मुळाशी पाणी घालायचं. घागरभर."

घरी दमलेले बाबा ओट्यावर बसल्या बसल्या पेंगत होते. मान छातीवर पडलेली. गोंदाचा जीव कळवळला. त्यानं त्यांच्या पायांवर घागर रिकामी केली. कोऱ्या वहाणांसकट. बाबा ताडकन उठले.

"बघ आई, लगेच तरारले!"

मास्तर असंही म्हणाले होते, बागेतून सहनशीलता येते. ती आली. बाबांना.

तिसऱ्या दिवशी पपईखाली आत्या म्हणाली, "पिकलं की लगेच उतरवायचं. नाहीतर पाखरं टोचतात. आणि ओढायचं नाही. देठ राखून हळूच कापायचं."

त्याच दुपारी गोंदाच्या बहिणीला, वत्सलाला, बघायला पाहुणे आले. मुलाचे वडील दाजीबा. मिशी अशी की गावात आधी ती शिरायची, मग दाजीबा. त्यांना मुलगी पसंत पडली. पुरणपोळ्या चेपून ते अंगणात बाजेवर आडवे झाले.

"मिशी पिकली आमची, पण नजर अजून पक्की आहे!" एवढं म्हणून ते घोरू लागले.

गोंदा दचकला. पिकली? आणि समोर कुंपणावर साळुंकी बसलेली! आई आत चहा टाकत होती, विचारायला वेळ कुठला? ताईच्या सासऱ्याचं नुकसान त्याला बघवेना. त्यानं कात्री आणली. ओढलं नाही. देठ राखून, हळूच, दोन्ही बाजू उतरवल्या.

आई चहा घेऊन बाहेर आली. दाजीबा जागे होऊन ओठ चाचपत होते. गोंदानं ओंजळ पुढे केली.

"पाखराच्या आधी पोचलो, आई! दाजीबामामा, जरा मान खाली घ्या. डोक्यावरचंही पिकलंय."