होडीवाल्यानं न सांगितलेली गोष्ट

पुष्कळ वर्षं झाली. खाडीवर अजून पूल आले नव्हते आणि माणसं होडीतूनच पैलतीराला जात, तेव्हाची ही गोष्ट.

खाडीकाठच्या एका ख्रिस्ती गावात इनास नावाचा माणूस राहायचा. रविवारी चर्चमध्ये फादरांच्या मदतीला तोच प्रार्थना सांगायचा. देवाच्या प्रेमावर तो बोलू लागला, की बायाबापड्यांचे डोळे भरून येत. त्याची बायको रेमेत मागच्या बाकावर बसून ऐकायची. दोघांना एकच मुलगा, दुमिंग.

एकदा गावचा सण तोंडावर आला आणि वेदीवरच्या मेणबत्त्या कमी पडल्या. इनास मुलावर खेकसला, "आत्ताच्या आत्ता पैलतीरी जा. मेणबत्त्यांशिवाय परत आलास तर बघ!" आभाळ भरून आलं होतं, वारा फिरला होता. तरी दुमिंग निघाला. रेमेत तेव्हा शेतावर होती.

भर खाडीत होडी उलटली. बस्त्याव होडीवाल्यानं पोरासाठी पुन्हा पुन्हा पाण्यात बुड्या मारल्या. नाकातून रक्त येईस्तोवर तो शोधत राहिला. अखेर त्यानं दुमिंगला खांद्यावर घालून किनाऱ्याला आणलं, पण पोर गेलं होतं.

गाव बस्त्यावच्या अंगावर धावून गेलं. "असल्या वाऱ्यात होडी काढलीसच कशी? दारू प्यायला होतास का?"

बस्त्याव खाली मान घालून एवढंच म्हणाला, "माझं चुकलं."

इनास तिथंच उभा होता. पोराला आपणच पिटाळलं, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण सगळ्यांची बोटं दुसऱ्याकडे वळलेली दिसली आणि त्यानं ते गिळून टाकलं.

तेव्हापासून बस्त्यावच्या होडीत कुणी पाय ठेवेना. त्याला विहिरीवर पाणी मिळेना. चर्चमध्ये तो आला, की शेजारचे लोक उठून दुसरीकडे बसत, म्हणून तो दाराबाहेर उभा राहूनच प्रार्थना ऐकू लागला. आत इनासच प्रार्थना सांगत असे. क्षमेची ओळ आली, की त्याचा आवाज जरा खाली जाई. लोकांना वाटे, बिचाऱ्याला पोराची आठवण आली.

त्या दिवशी शेतावरून किनाऱ्याकडे धावत आलेल्या रेमेतनं मात्र बस्त्यावचं रक्ताळलेलं तोंड पाहिलं होतं. काही काळ तिनंही त्याचं नाव टाकलं, रडली, देवाशी भांडली. मग एके दिवशी भाकरी घेऊन त्याच्या झोपडीत गेली आणि पुढे जातच राहिली.

तेवढी भाकरी पुरी पडेना; अर्धपोटी राहून बस्त्यावनं अंथरूण धरलं. रेमेत नवऱ्याला म्हणाली, "त्याचे दिवस भरलेत. तुम्हाला भेटायचं म्हणतो. दुसरं काही मागत नाही, पण तुम्ही चला."

इनास गेला. झोपडीत अंधार होता आणि ओल्या जाळ्यांचा वास भरला होता. बस्त्यावनं डोळे उघडले.

"इनासभाऊ, मी त्याला नको म्हणालो होतो. वारा दाखवला. पण पोर रडायला लागलं. म्हणालं, रिकाम्या हातानं गेलो तर बाबा मारतील. मला त्याची दया आली. तेवढं माझं चुकलं, माफ कर."

इनास त्याच्या अंथरुणाशी वाकला. "तुला ठाऊक होतं? मग बोलला का नाहीस?"

"तुझं पोर गेलं होतं, भाऊ. त्यात हेही तुझ्या डोक्यावर कसं घालू? तू मोडून पडला असतास."

दाराशी उभी असलेली रेमेत हे ऐकत होती. ती नवऱ्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "दर रविवारी क्रुसावरच्या प्रेमाचं सांगता ना? ते बघा, समोर पडलंय."

त्याच दिवशी बस्त्याव गेला. त्याला चर्चच्या दफनभूमीत जागा द्यायला गाव तयार होईना. सगळे इनासच्या तोंडाकडे बघू लागले. रेमेतही बघत होती. इनासनं तोंड उघडलं, पण खरं बाहेर पडेना. तो म्हणाला, "त्याला पुरू द्या. मी त्याला माफ केलं."

गाव गहिवरलं. म्हाताऱ्यांनी येऊन त्याचे हात हातात घेतले. पुढच्या रविवारी फादर म्हणाले, "देवाचं प्रेम कसं असतं ते पाहायचं असेल, तर आपल्या इनासकडे पाहा."

रेमेतनं घरी येऊन त्याला जेवायला वाढलं. "मी सांगणार नाही," ती म्हणाली. "तुम्हीच सांगायचं आहे." त्यानंतर ती मरेपर्यंत त्याला जेवण वाढत राहिली, पण त्याच्या तोंडची प्रार्थना तिनं पुन्हा ऐकली नाही. तो बोलायला उभा राहिला, की ती उठून बाहेर जायची. आज सांगू, उद्या सांगू करता करता इनासनं तिलाही मातीआड केलं.

म्हातारपणी त्याला अन्न गोड लागेना. एका रविवारी तो काठी टेकत वेदीसमोर गेला आणि भर चर्चमध्ये रडत म्हणाला, "दुमिंगला मी पाठवलं होतं. बस्त्यावचा दोष नव्हता. मी खोटा माणूस आहे. मला माफ करा."

 मग पुढच्या बाकावरची एक बाई डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "किती मोठं मन गं! मेलेल्याचं पापसुद्धा स्वतःच्या अंगावर घेतोय."

"नाही! खरं सांगतोय मी!" इनास ओरडला. तो जितका ओरडला, तितके लोक अधिक गहिवरले. दोघातिघांनी त्याला धरून बाकावर बसवलं, पाणी पाजलं. फादरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ज्याची माफी मागायची तो मातीत होता, आणि जी साक्ष देऊ शकली असती तीही मातीत होती.

पुढं तो गेला, तेव्हा गावानं त्याला मोठ्या मानानं पुरलं. बस्त्यावची कबर कुठली, हे मात्र कुणाला सांगता आलं नाही.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, ज्यानं आपला दोष मुकाट्यानं स्वतःवर घेतला, त्याच्यापुढं वेळीच खरं बोला; कारण देवाचं प्रेम असंच माणसाच्या रूपानं दारात येतं, आणि नाकारलं तर फार उशीर होतो.