नदीच्या वाट्याचे दगड

शिळवड्याजवळ खडकुली नदी उथळ होते, तिथे पात्रात दगडांची एक ओळ आहे. बाहेरचा माणूस ती पाहतो, पलीकडे जायला कुणीतरी सोय केली आहे असे समजतो आणि खुशाल पाय देत निघतो. गावची माणसे मात्र शेजारून, मांडीभर पाण्यातून जातात. तुम्हालाही मघाशी कुणीतरी हाक मारून खाली उतरवलेच असेल. कपडे भिजले म्हणून रागावू नका. ते दगड कुणाचे आहेत हे कळले की पाय आपोआप आखडेल.

फार मागे या गावात म्हाळू पाथरवट आणि त्याची बायको धुरपदा राहत, असे सांगतात. पाथरवटाचे काम दोघांचे. एकाने घडवायचे, दुसऱ्याने वाळूपाण्याने घोटून गुळगुळीत करायचे. म्हाळूने घोटायला माणूस ठेवलाच नाही. दगड ओबडधोबड घडवायचा, आषाढाआधी नदीच्या धारेत नेऊन बसवायचा आणि पावसाळाभर काठावर घोंगडी पांघरून पाणी कुठे वळते, कुठे थबकते, ते बघत राहायचा. दसऱ्याला पाणी उतरले की दगड बाहेर. पाण्याने जिथे खूण केली असेल तिथेच छिन्नी लावायची, मग पुन्हा पुढच्या वर्षी धारेत. त्याच्या नंदीच्या पाठीवर बसलेली माशी म्हणे घसरून खाली पडे. लोक धुरपदेला चिडवत, तुझ्या नवऱ्याने नदी कामाला ठेवली आहे. ती म्हणे, बरी आहे की, तंबाखू तर मागत नाही.

या दोघांची एकुलती पोर ठकू. एका भाद्रपदात म्हाळूने तिला काठावरून छिन्नीला धार लावायची वाळू आणायला धाडले. टोपले सापडले, पोर सापडली नाही. धुरपदा खालच्या गावांपर्यंत काठ धुंडाळत गेली, पण जाळायला, पुरायला काही हाती आले नाही. पुढे पुढे तिला आणखी एका गोष्टीने घेरले. पोरीचे तोंड डोळ्यांपुढून पुसट होऊ लागले. नाक आठवले तर हनुवटी निसटायची. एके दिवशी ती नवऱ्याला म्हणाली की तू गावाचे देव घडवतोस, मला माझ्या पोरीचे तोंड घडवून दे.

म्हाळूने छिन्नी घेतली आणि खाली ठेवली. त्यालाही ते तोंड धड आठवत नव्हते. शेवटचे जिने पाहिले त्या नदीलाच सांगू, असे म्हणून त्याने कळशीएवढा एक काळा दगड निवडला, त्याला नुसता डोक्याचा आकार दिला आणि धारेत बसवला.

पहिल्या पावसाळ्यात कपाळ आले. दुसऱ्यात गाल. म्हाळू काठावरून हलेना. पाण्याने सांगितले तेवढेच तो कोरी, एक कपचीही जास्त नाही. धुरपदा रोज भाकरी घेऊन जाई आणि त्याच्या शेजारी बसून पाण्याकडे बघत राही. मग एका दसऱ्याला पाणी उतरले आणि दगडात ठकू होती. झोपेतली, ओठ किंचित उघडे. धुरपदेने पाण्यात बसकण मारली.

म्हाळू म्हणाला, अजून घोटाई पुरी झालेली नाही, एक पाऊस जाऊ दे. धुरपदेला वाटले, आणखी एका पावसात हेही पुसले तर? नवरा बाजाराला गेला तेव्हा तिने दगड उपसला, कडेवर घेऊन घरी आणला, हळद लावली. मग तिला दिसले की एक गोष्ट राहिली आहे. बापाच्या छिन्नीची कपची उडून ठकूच्या भिवईवर लहानपणीच खोक पडली होती. ती नदीला कुठून ठाऊक असणार? धुरपदा पाथरवटाचीच लेक. तिने छिन्नी उचलली आणि भिवईवर एक घाव, एकच, अगदी हलका घातला.

म्हाळू आला, त्याने तोंड पाहिले, भिवई पाहिली आणि छिन्नी उचलून बाजूला ठेवली. पाथरवटांत एक कायदा होता. भागीदाराने घोटलेल्या अंगावर त्याला न विचारता छिन्नी पडली, तर अख्खा दगड भागीदाराचा. इथे घोटणारी भागीदार नदी. धुरपदेलाही तो पाळण्यातच कळला होता. पण छिन्नी हातात असताना तिला ती घोटाई दिसलीच नव्हती, लेकीचे कपाळ दिसले होते.

थंडीभर, उन्हाळाभर म्हाळू नदीला परत करायला दगड मागत राहिला आणि ती देईना. आषाढ लागला. खडकुली कधी नव्हे ती शीव ओलांडून आली, गल्लीतून वर चढली आणि भरदिवसा याच एका घराच्या उंबऱ्याला लागली. शेजारी गुरे घेऊन टेकाडावर पळाले. धुरपदा दगड उराशी धरून चुलीपुढे बसली होती.

"तिचं तिला देऊन येतो, धुरपदे."

"पोर दिली की तिला. आता तोंडबी देऊ?"

"तोंड तिनंच केलंय. आपुन घाव घातला. आता त्यो दगड आपला न्हाई."

त्याने हिसकावले नाही. तिच्या हातांखाली आपले हात लावले आणि पाणी गुडघ्यापर्यंत येईतो तसाच थांबला. शेवटी तिचे हातच दमले.

टेकाडावरून लोकांनी पाहिले, ते असे सांगतात. म्हाळू छातीभर पाण्यातून जुन्या जागी पोचला, दगड ठेवला आणि उभा राहिला. तेवढ्यावर वळता तर वाचता. पण सवय. दगडावरून धार कशी फुटते ते त्याने वाकून पाहिले, मान हलवली, पुन्हा वाकला आणि दगड जरासा डावीकडे फिरवला. नदी त्याच्यावरून गेली.

पाणी उतरले तेव्हा दगड तिथेच होता. तोंड अंड्यासारखे कोरे. म्हाळू कुठेच नव्हता. धुरपदेने दाराशी पडलेला एक न घडवलेला दगड ओढत नेला, ठकूच्या दगडाशेजारी बसवला आणि नदीला एवढेच म्हणाली, "आता ह्याचं कर."

आजही शिळवड्यात नदीने माणूस नेले की घरचे त्या ओळीत एक दगड बसवतात आणि दसऱ्यानंतर जाऊन बघतात. कुणाला कपाळ दिसते, कुणाला मिशी. एका सासूचा दगड म्हणे उघड्या तोंडाचा निघाला, तो सुनेने लांबूनच ओळखला. पण ओळख पटली तरी कुणी तो उचलत नाही, लोखंड लावत नाही. पुढच्या पावसात ते तोंड जाते, आणि घरचे उभे राहून ते जाऊ देतात. ठकूचा दगड झिजून झिजून आता मुठीत मावेल.

म्हाळूचा मात्र आजही ठेवला तसाच आहे, हात लावाल तर कातडे सोलवटेल. धुरपदा म्हातारी होईपर्यंत दर दसऱ्याला त्यावरून तळवा फिरवून रिकामी परत येई. एकदा बायकांनी विचारलेच, गावाची तोंडे उमटतात, मग याच्यावरच नदीचा एवढा राग का?

"राग कसला," ती म्हणाली. "पान्याखाली समद्यांचं त्योच घोटतोय. सोताचं करायला सवड कुठं हाय? घरीबी असाच. गावाच्या पाट्यांना टाकी घालून द्यायचा, आन माझ्या गुळगुळीत पाट्यावर मिरची वाटली जाईना."