मे महिन्यातली गोधडी

अकोल्याचे निवृत्त तहसीलदार गुणवंतराव भर मे महिन्यात एसी अठरावर लावून गोधडीत झोपत आणि विजेचं बिल आलं की घरावर गरजत. यंदा त्यांनी हुकूमच सोडला, "स्वयंपाकघरातला पंखा बंद!"

चुलीपुढे घामाघूम झालेली सून सुनंदा पदराने तोंड पुसत उठली. दर उन्हाळ्यात धुतात तशा तिने घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या धुऊन गच्चीवर वाळत घातल्या.

दुपारी खोलीतून आरोळी आली, "सूनबाई, माझी गोधडी कुठाय? कुडकुडतोय मी!"

सुनंदा दारात आली. "मामाजी, गच्चीवर चला ना. गोधडी तिथंच आहे, आणि तिथल्या उबेचं बिलही येत नाही."

गुणवंतरावांनी डोळे वटारले, मग त्यांना हसू आवरेना. एसी सव्वीसवर नेत ते म्हणाले, "गोधडी राहू दे वरच. जा, तुझा पंखा लाव!"