नदीची वाटी

एका राज्यात राजा एक होता आणि नदीही एकच होती. राजाचं काय, एक गेला की दुसरा बसतो. नदीचं तसं नसतं. म्हणून त्या राज्यात नदीचा मान राजाच्या आधी. निदान जुन्या माणसांनी तरी तसं ठरवून ठेवलं होतं.

नदीवर बंधारा होता, बंधाऱ्यातून पाट निघे, आणि पाटाच्या कडेनं तीन गावं होती. वरलं गाव, मधलं गाव, खालचं गाव. पाणी थोडं आणि शेतं फार. मग डोकी फुटू नयेत म्हणून घरटी एक तांब्याची वाटी असे, वाटीच्या बुडाला बारीक भोक. पाटाच्या तोंडाशी दगडी डोणी होती, पाण्यानं भरलेली. आपली पाळी आली की आपली वाटी डोणीत तरंगत ठेवायची. वाटी तरंगतेय तोवर पाटाचं पाणी आपलं. भोकातून भरून ती बुडाली की पाळी संपली, मुकाट उठायचं. सावकार असो की सालगडी, भोक सगळ्यांना सारखंच.

पहिली वाटी मात्र नदीची. चांगली कढईएवढी, सांभाळायला राजाकडे दिलेली. ती बुडेपर्यंत पाटाचं दार कुणी उघडायचं नाही, तेवढं पाणी नदीनं आपल्या पात्रातून खाली न्यायचं. खाली मासे असतात, वाळूत अंडी घालणाऱ्या टिटव्या असतात, त्यांनाही तहान लागते.

कुणाला पाणी कमी पडलं तर शेजारणीकडे विरजण मागावं तशी वाटी मागायची. "उसनी दे गं." "ने की." पुढच्या पाळीला परत. ना साक्षीदार, ना शपथ. पिढ्यानपिढ्या असं चाललं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

मग कुठूनसा तृषांक नावाचा मांत्रिक आला. हडकुळा, ओठ सदा सुकलेले. बंधाऱ्याच्या वर त्यानं एका रात्रीत बाग उभी केली. झाडं पाचूची, कारंजी चांदीची, आणि ही बाग पाणी प्यायची ती थांबायचीच नाही. तो राजाकडे गेला. राजाचं नाव मेघदत्त. नावातच काय तो मेघ होता.

"महाराज, नदीची वाटी मला द्या. बदल्यात सोन्याचं कणीस घ्या."

"ती आमची नव्हे. नदीची आहे."

"नदीला पाणी कशाला, महाराज? ती तर पाण्याचीच आहे!"

दरबार खो खो हसला. राजालाही हसू आलं, आणि हसता हसता त्यानं वाटी काढून दिली. आपली नसलेली वस्तू द्यायला माणसाचा हात कसा सैल होतो पाहा! मांत्रिकानं तळहात पुढे केला. म्हणाला, "यावर चूळभर पाणी घाला आणि म्हणा, पाणी सोडलं." राजानं घातलं, राजा म्हणाला.

मग तृषांक तिन्ही गावं फिरला. एका वाटीला एक कणीस, अस्सल सोन्याचं, दाणा न् दाणा भरलेला. अट तीच. तळहातावर पाणी घाला आणि म्हणा, पाणी सोडलं.

आता पाटावरच्या माणसांच्या तोंडी हा शब्द दिवसभर असतो. पाटात पाणी सोडलं, म्हणजे दिलं. पाळी झाली की पुन्हा अडवता येतं. पण एखाद्या वस्तूवर पाणी सोडलं, म्हणजे ती गेली. जन्माची गेली. शब्द तोच, हो! लोकांना वाटलं, रोजचंच बोलणं आहे, यंदाच्या हंगामापुरती उसनी वाटी आहे. मांत्रिकाला काय वाटलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

खालच्या गावात गोजरा नावाची बाई होती. आईबाप लवकर गेलेले, धाकट्या बहिणीला, तानीला, तिनंच लहानाची मोठी केलेली. तानीचं लग्न ठरत होतं. गोजरा म्हणाली, "कणीस मोडून नथ करू."

तानी म्हणाली, "आक्का, नथीवाचून जो नवरा अडतो तो मला नको. वाटी देऊ नकोस."

"एका हंगामाचा तर प्रश्न आहे. मोठी आलीस शहाणी!"

आणि गोजरानं वाटी दिली, तळहातावर पाणी घातलं, झटकन म्हणून टाकलं, पाणी सोडलं.

सगळ्या वाट्या हाती आल्यावर तृषांकानं एकच काम केलं. नदीच्या वाटीचं भोक लाखेनं बुजवलं आणि ती डोणीत ठेवली. वाटी तरंगू लागली. सकाळ झाली, दुपार झाली, महिने गेले. वाटी बुडेना, त्याची पाळी संपेना. लोक राजाकडे ओरडत गेले. राजा म्हणाला, "वाटी तरंगते तोवर पाणी त्याचं, हा तुमचाच नियम. नियम आम्ही कसा मोडावा?" शिवाय ज्याच्या घरी वाटी नाही त्याला पाटावर तोंड उघडायचा हक्क नाही, हाही नियमच होता.

वरल्या गावाला बागेतून पाझर सुटे, तेवढ्यावर त्यांचं भागे. मधल्या गावाला गळकं, सांडलेलं काहीतरी मिळे. खालच्या गावाला काही नाही. तिथं आधी विहिरी आटल्या, मग गाईंची दुधं आटली, मग माणसं आटू लागली. घराघरातलं धाकटं माणूस पायापासून मातीचं होत वर चाललं. तानीचे पाय मातीचे झाले, मग कंबर, मग हात. सुकता सुकता ती टोपलीत मावेल एवढी झाली. तोंड तेवढं जिवंत राहिलं आणि ते काही गप्प बसत नव्हतं.

"आक्का, बरं झालं गं. आता भाकऱ्या थापायला मला उठवू नकोस."

गोजरा हसायची आणि पडवीत जाऊन रडायची.

एक दिवस ती कोरड्या पात्रात झरा उकरायला गेली तर वाळूत टिटवी बसलेली. टिटवी बोलते यात नवल नाही. ऐकायला कुणी जात नाही एवढंच.

टिटवी म्हणाली, "बाई, माझी अंडी वाळूत भाजली."

"माझी बहीण माती झाली, टिटवीबाई. काही उपाय?"

"आहे. ती वाटी बुडाली की पाळी फिरेल. पाळीचं पाणी अंगावर पडलं की मातीची माणसं पुन्हा माणसं होतील."

"दगड टाकते वाटीत!"

"टाकून बघ. त्या वाटीत दगडाला वजन नाही. जे सोडून दिलेलं असतं, मनापासून, तेवढंच तिला जड लागतं. तुम्ही वाट्यांवर पाणी सोडलंत, आता सोन्यावर सोडा. तीन दारं आहेत. वरल्या गावाचं, मधल्या गावाचं, राजाचं. जा."

खालच्या गावानं कणसं मागताक्षणी काढून दिली. त्यात त्यांचा मोठेपणा नव्हता. सोनं पिता येत नाही हे त्यांना बाकीच्यांच्या आधी कळलं होतं, इतकंच. गोजरानं तानीची टोपली डोक्यावर घेतली, कारण घरी ठेवली असती तर उन्हानं तडकली असती, आणि ती निघाली.

पहिलं दार वरल्या गावच्या पाटलाचं. पागोट्यात कणीस खोवलेलं, लखलखीत.

"पाटील, कणीस द्या. वाटी बुडवायची आहे."

"देऊ की. खालच्यांनी दिलं?"

"दिलं."

"मधल्यांनी?"

"अजून नाही."

"मग आधी त्यांनी द्यावं. आम्ही काय, आहोतच."

दुसरं दार मधल्या गावच्या कारभारणीचं. तिनं कणीस अंबाड्यात माळलं होतं.

"बाई गं, पाझर खाल्ला वरल्यांनी, आणि आधी द्यायचं आम्ही? हा कुठला न्याय? त्यांनी दिलं की माझं आलंच म्हणून समज."

"माझी बहीण मातीची झालीय हो!"

कारभारणीनं टोपलीत डोकावून पाहिलं. हळहळली बिचारी. टोपलीवर ऊन येऊ नये म्हणून पदराचं फडकं फाडून दिलं. कणीस नाही दिलं.

तिसरं दार राजाचं.

"महाराज, पहिलं कणीस आपण घेतलंत. पहिलं आपण द्या."

राजा म्हणाला, "वाटी आमची नव्हतीच. मग परत काय करावं?"

"नव्हती म्हणूनच करावं, महाराज."

राजा विचारात पडला. राजे विचारात पडले की समजावं, आता काही होत नाही. "तुझं दुःख आम्ही जाणतो," तो म्हणाला. "वाटी बुडवशील त्या दिवशी आम्ही जातीनं पाहायला येऊ."

आणि आला हो! छत्रचामरं, हत्ती, वाजंत्री, सगळं आलं. डोणीच्या काठी ही गर्दी जमली. वरलं गाव आलं, मधलं गाव आलं. खालच्या गावचे लोक आले ते डोक्यावर टोपल्या घेऊन, आणि प्रत्येक टोपलीत एक मातीचं लेकरू. तृषांक बागेच्या काठावर पाय सोडून बसला होता.

"ठेव, बाई," तो म्हणाला. "मी अडवणार नाही. मला लोक ठाऊक आहेत."

गोजरानं आपलं कणीस वाटीत ठेवलं, म्हणाली, पाणी सोडलं. वाटी हलली. खालच्या गावची कणसं एकेक करून पडली. वाटी खचत गेली, खचत गेली, आणि बोटभर काठ उरला तिथं थांबली. एवढंसं वजन हवं होतं. चार-पाच कणसं पुरली असती.

गोजरानं मागे पाहिलं. काठावर नुसतं सोनं चमकत होतं, पागोट्यांत, अंबाड्यांत, राजाच्या मुकुटात. वरलं गाव मधल्याच्या पागोट्यांकडे बघत होतं, मधलं वरल्यांच्या, आणि दोघंही राजाकडे. राजा आभाळाकडे बघत होता.

"अरे, एकानं तरी काढा रे!" गोजरा ओरडली. "माणसं आहात की बुजगावणी? तुमच्या डोळ्यांदेखत लेकरं माती होतायत, आणि तुम्हाला डोक्यावरचं सोनं सोडवत नाही? आग लागो त्या सोन्याला!"

कुणी हललं नाही. कुणीतरी म्हणालं, "शिव्या कशाला देतेस? आम्ही देत नाही असं म्हणालो का? आधी त्यांनी द्यावं."

तेवढ्यात टोपलीतून तानी बोलली. "आक्का, मला ठेव."

"गप बस."

"मी तुझी आहे ना? तू वाढवलंस ना? मग मला सोडायचा हक्क तुझाच."

"तानू, पाळी येईल गं आपली. तुझ्यावर पाणी घालीन, उठून उभी राहशील..."

"पाळी येणार कुठून? बोटभर काठ आहे अजून. त्या टोपल्या बघ, आक्का. बकुळीचं पोर बघ, डोळेसुद्धा मातीचे झाले त्याचे. नुसती ठेवून भागायचं नाही, वाटीला सोडलेलंच कळतं. वाटीवर कसं सोडलंस, झटकन? तसं माझ्यावर सोड."

"माझ्यानं नाही व्हायचं."

"तेव्हा वाटी देऊ नकोस म्हटलं, ऐकलं नाहीस. आता तरी ऐक की."

गोजरानं बहिणीला उचलून वाटीत बसवलं. तिच्या कपाळावरची माती पदरानं पुसली. डोणीतलं पाणी ओंजळीत घेतलं. अर्धी ओंजळ वाटेतच सांडली. उरलेली तिनं तानीच्या डोक्यावर धरली आणि म्हणाली, "पाणी सोडलं."

माती विरघळली. आधी खांदे, मग हनुवटी, मग ते तोंड, जे कधी गप्प बसलं नव्हतं. वाटी बुडाली. गुळूप् असा आवाज झाला, बस्स.

पाळी संपली की उठायचं, तसा तृषांक उठला आणि उठता उठता आटला. दगडावर ओला डाग राहिला, तोही दुपारपर्यंत वाळला. पाचूची झाडं पाचोळा झाली. डोणी भरून वाहिली आणि नदी आपल्या पात्रात उतरली. तानीची माती तिच्याबरोबर खाली गेली.

आणि काठावर? पागोट्यांतलं, अंबाड्यांतलं, मुकुटातलं सगळं सोनं त्याच क्षणी भुसा झालं. वाऱ्यानं उडालं, डोळ्यांत गेलं. लोक डोळे चोळत बसले. म्हणजे जे द्यायला जीव जात होता ते घटकाभरानं तसंही जाणारच होतं. पाटील म्हणाला, "हे आधी ठाऊक असतं तर दिलं नसतं का आम्ही?" मला विचाराल तर, नसतं दिलं.

राज्यात पुन्हा सगळं सुरळीत झालं. बागेच्या ढिगाऱ्यात वाट्या सापडल्या, ज्याची त्याला मिळाली. नदीच्या वाटीची लाख काढली, पहिली पाळी पुन्हा नदीची झाली. खालच्या गावाच्या पाळीला टोपल्यांवर पाणी शिंपडलं आणि लेकरं रडत उठली, बकुळीचं सगळ्यांत मोठ्यानं. गोजराची पाळी आली तेव्हा तिच्याकडे शिंपडायला कुणी नव्हतं. राजानं बंधाऱ्यावर शिळा बसवली, त्यावर कोरलं की राजा मेघदत्ताच्या कृपेनं नदी मुक्त झाली. आता शिळेवर टिटव्या हागतात.

काही वर्षांनी वरल्या गावात पाणी कमी पडलं. पाटील एवढी वाट तुडवून खालच्या गावी आला, गोजराच्या अंगणात उभा राहिला. "गोजराबाई, यंदा तुझी वाटी देतेस?"

गोजरानं त्याला गूळपाणी दिलं. मग आत जाऊन वाटी आणली, पदरानं पुसली आणि त्याच्या हातात ठेवली. तृषांकानं धरला होता तसा पाटलाचा दुसरा तळहात पुढे आला.

"हात मागे घ्या, पाटील," गोजरा म्हणाली. "वाटी उसनी देतेय. सोडायचं ते माझं सोडून झालंय."

पाटलानं हात मागे घेतला. पुढच्या पाळीला वाटी परत आली.

कहाणी पाटानं वरून खाली आली. वाटेत ज्यानं त्यानं आपापली अडवून घेतली. खाली पोचली तेवढी तुम्हाला सांगितली.