हिरबाचा लांडगा

फार फार मागची गोष्ट. सटूच्या माळावर तेव्हा गवत माणसाच्या कमरेला लागायचं. माळाच्या कडेला मेंढेदरा नावाचं धनगरांचं गाव, आणि त्या गावात हिरबा.

हिरबाला अक्षर येत नव्हतं, गोष्टी येत होत्या. समुद्रापल्याडच्या यवनांच्या मुलखातला एक व्यापारी घोंगड्या न्यायला आला, तापानं पडला, महिनाभर हिरबाकडं राहिला आणि जाताना जनावरांच्या गोष्टी मागं ठेवून गेला, असं म्हणतात.

गावात तंटा झाला की हिरबा निवाडा करायचा नाही, गोष्ट सांगायचा. आणि दुसऱ्या दिवशी परीक्षा घ्यायचा. कावळ्याला गोड बोलून त्याच्या चोचीतला घास पळवणाऱ्या कोल्ह्याची गोष्ट झाली, तर दुसऱ्या दिवशी त्यानं म्हाकू मेंढक्याच्या गळ्याची तारीफ मांडली. म्हाकू डोळे मिटून गायला लागला आणि हिरबानं त्याची भाकरी उचलली.

"शिकलास का रं?" असं म्हणून अर्धी परत दिली.

असं होता होता गाव शहाणं झालं. कुणी फसेना.

एकदा चिंचेखाली त्यानं नवी गोष्ट सांगितली. एक मेंढपाळ गंमत म्हणून 'लांडगा आला' ओरडायचा आणि लोकांना उगीच पळवायचा, त्याची.

दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, हिरबा माळावरून धावत आला. डोक्याला पागोटं नाही, पायात वहाण नाही.

"लांडगं आलं! वाघुरात शिरलं! सगुणा एकटी हाय तिथं!"

सगुणा त्याची बायको. तिला दिसायचं नाही. कोकरं मांडीवर घेऊन ती मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात, वाघुरात, बसून असायची.

माणसं जेवत होती. कुणी उठलं नाही. म्हाकूनं घास गिळला.

"आबा, ह्या खेपेला न्हाय फसायचो. कालच सांगितलीस न्हवं?"

"रडतोय बी कसा बघा!" कुणी म्हणालं, आणि टाळ्या पडल्या.

हिरबानं म्हाकूचे पाय धरले. तेव्हा तर वाहवा झाली. मग तो उठला. गावाला कुणी शिकवलं हे त्याला ठाऊक होतं. काठी घेऊन तो एकटाच परत धावला.

दिवस कलला, हिरबा आला नाही, तेव्हा लोक गेले. लांडगे निघून गेले होते. सगुणाच्या कवेत एक कोकरू जिवंत होतं. सगुणा नव्हती. हिरबा तिच्या उशाशी बसला होता.

"आबा, एक शबुद बोल," म्हाकू म्हणाला. "शिव्या दे. कायबी बोल."

हिरबा तिथंच बसून राहिला. तीन दिवस माळावरचे कोल्हे, कावळे, ओढ्यातली कासवं त्याच्याभोवती येऊन बसली, गोष्टीची वाट बघत, असं म्हणतात. चौथ्या दिवशी तिथं नुसता दगड होता.

मेंढेदऱ्यात अजून गोष्टी सांगतात. पण गोष्टीत लांडगा आला की ऐकणारे सगळे उठतात, भरल्या ताटावरूनसुद्धा, आणि माळाच्या कडेपर्यंत जाऊन बघून येतात. तिथं काही नसतं. तो दगड असतो. परत येईतो भाकरी गार झालेली असते, आणि पुढची गोष्ट कुणी सांगत नाही.