‘रन’ची खूण

“पण नक्की खूण कोणती, अण्णा?”

“कशाची?”

“रनची. इंग्रजीतल्या रनची.”

अण्णांनी दाढी खाजवली. “कोण पळालं?”

“कोणी पळालं नाही. मी शब्द विचारतेय.”

“कोणी पळालंच नाही, तर मी हात कशाला हलवू?”

हे बोलणं कानांनी ऐकायचं नाही. सगळं हातांनी झालं, मी आपलं सोयीसाठी अवतरणचिन्हांत घातलंय. बाहुबली अण्णा मगदूम यांना जन्मापासून ऐकू येत नाही. आख्खी इचलकरंजी यंत्रमागांच्या खडखडाटात घसा फाडून बोलते, पण अण्णांच्या बंद पडलेल्या छापखान्यात दर रविवारी सकाळी लोक हातांनी बोलायला शिकतात. शेजारचा माग चालू झाला की अण्णांना तो फरशीतून तळपायाला कळतो. “लागला बडबडायला,” म्हणतात.

समोर बसली होती वैजयंती. कॉलेजात इंग्रजी शिकवणारी, पहिल्या बाकावर बसून मोठी झालेली. आठ महिन्यांत आठशे खुणा पाठ केलेली. तिच्या मांडीवर जाड वही होती, आणि त्या वहीवर तिचा अण्णांपेक्षा जास्त विश्वास होता.

खिडकीपाशी तिची मुलगी बसली होती. जुई, वय वर्षं सहा. जाहिराती छापायचे जुने लाकडी खिळे, म्हणजे अक्षरांचे ठोकळे, एकावर एक रचत होती, मधूनच बाहेर गल्लीत बघत होती. तिलाही ऐकू येत नाही.

“हे बघा,” वैजयंतीनं वही उघडली. “एका रनचे मी बावन्न अर्थ काढलेत. माणूस धावतो, ते रन. नळ वाहतो, ते रन. दुकान चालवणं रन, निवडणुकीला उभं राहणं रन. कापडाचा रंग जातो, तेही रन. क्रिकेटमधली धाव तर आहेच.”

“बावन्न?”

“बावन्न. आणि तुम्ही मला खूण दिलीत एकच. ही.” तिनं दोन बोटांचे पाय करून तळहातावरून पळवले.

“मी कधी दिली?”

“मागच्या महिन्यात. मी विचारलं, पोरगं बसमागं पळतं ते कसं दाखवायचं...”

“मग ती त्या पोराची खूण. शब्दाची कुठं?”

वैजयंतीनं सुस्कारा सोडला. काही गुरू सरळ उत्तर दिलं तर पाप लागेल असं वागतात, अण्णा त्यांतलेच.

“बरं, नळाचं दाखवा.”

अण्णांनी मनगट उंच धरलं आणि बोटं खाली सोडली. नळ थेंब थेंब गळायला लागला, मग फुसफुसला, मग धो धो वाहिला. बघणाऱ्याला तहान लागावी असा.

वैजयंतीनं लिहायला मान खाली घातली.

अण्णांचे हात थांबले.

तिनं मान वर केली. “पुढं?”

हात पुन्हा हलले. “हा सकाळी सहाचा नळ. पाणी यायचं असलं आणि आलं नाही, तर...”

तिची मान खाली गेली, हातही थांबले...

“दुकान चालवणं?”

अण्णांनी गल्ल्याची पेटी उघडली, गिऱ्हाइकाला हसून दाखवलं, जाताना त्याच्या पाठीला तोंड वाकडं केलं. जुईनं ते पाहिलं आणि ती खिदळली. वैजयंतीनं पाहिलं नाही. ती लिहीत होती.

“अण्णा, एवढं सगळं कसं लिहायचं? एक हालचाल सांगा. पक्की.”

अण्णा उठले, भिंतीपाशी गेले. तिथं खिळे ठेवायच्या उथळ खणांचा उंच घोडा होता, आता रिकामा. त्यावर एक थाप मारून ते वळले.

“चाळीस वर्षं मी इथं खिळे जुळवले. एकदा एक इंग्रजी-मराठी कोश आला छापायला. तुझा हा रन जुळवायला मला तीन दिवस लागले. एका पानात मावेना. ‘आर’चे खिळे संपले. मालक घाईघाईनं कोल्हापूरला गेले, उसने खिळे घेऊन आले.”

“म्हणजे सगळे अर्थ तुमच्या हाताखालून गेलेत!” वैजयंतीचे डोळे चमकले.

“एकूण एक. उलटे. खिळ्यावर अक्षर उलटंच असतं.”

“मग तर तुम्हाला...”

“तीन दिवस रन जुळवत होतो. तीन दिवस मी एकाही माणसाशी बोललो नाही.”

अण्णा परत येऊन बसले. बसताना त्यांचे गुडघे कुरकुरले, ते त्यांना ऐकू आलं नाही, पण चेहऱ्यावर दिसलं.

वैजयंतीनं वही मिटली नाही. पण तिचा धीर सुटत चालला होता, आणि तो का, ते आता सांगायलाच हवं.

जुई तिच्याशी बोलत नव्हती.

रुसून नव्हे, भांडून नव्हे. दिवाळीपासून हळूहळू तिनं आईला काही सांगणंच सोडून दिलं होतं. भूक लागली की स्वतः डबा उघडायची. पडली, लागलं, तर शेजारच्या कमलाकाकूंकडे जायची. काकूंना एक खूण येत नव्हती. त्या नुसत्या भुवया नाचवायच्या, गाल फुगवायच्या, आणि पोरगी तासभर त्यांच्यासमोर हात उडवत बसायची. आठशे खुणा येणारी आई दारात उभी राहून ते बघायची.

“मागच्या आठवड्यात तिला सर्दी झाली,” वैजयंती म्हणाली. तिचे हात आता भरभर चालले होते, थोडे चुकत होते. “मला म्हणायचं होतं, नाक वाहतंय, पूस. मला खूण आठवेना. वहीत रन होतं. मी नाकाखाली पाय काढले आणि पळवले.”

“मग?”

“ती आरशासमोर गेली. नाक जागेवर आहे का बघून आली.”

अण्णा हसले. असे हसले की त्यांना ठसका लागला आणि पाणी प्यावं लागलं.

“हसू नका, अण्णा!”

“बरं, नाही हसत.” आणि पुन्हा हसले.

“तुम्हाला गंमत वाटते. मला झोप लागत नाही. मी तिची आई आहे. कॉलेजात दीडशे पोरं माझा शब्द झेलतात आणि माझी स्वतःची पोर माझ्याकडे पाठ करून बसते. मी काय करायचं ठेवलंय? पुस्तकं आणली, व्हिडिओ पाहिले, रविवार एक चुकवला नाही. घरी ती काही बोलायला आली की मी लगेच वही उघडते, तिची खूण शोधते, बरोबर उत्तर...”

इथं तिचं लक्ष गेलं.

अण्णांनी डोळे मिटले होते.

झोप लागल्यासारखे नव्हे, ठरवून. पाठ ताठ होती, हात मांडीवर होते आणि पापण्या घट्ट मिटल्या होत्या.

“अण्णा?”

तिचे हात त्यांच्या तोंडापुढं हलले. काही उपयोग नव्हता. ज्यानं डोळे मिटले, त्याच्याशी हातांनी काय बोलणार? तिनं पायानं फरशी थोपटली, कोणाला हाक मारायची असली की इथं सगळे थोपटतात तशी. अण्णांचा तळपाय हलला. डोळे उघडले नाहीत.

तिनं पुन्हा थोपटलं, जोरात.

...

...

वैजयंती हात हवेत धरून बसून राहिली. बोलण्याचं टोक बोटांवर आलेलं, आणि घेणारं कोणी नाही. तिला आधी राग आला. मग कसनुसं वाटलं. मग एकदम, लहानपणी जत्रेत हात सुटला होता तेव्हासारखं, पार एकटं वाटलं.

अण्णांनी डोळे उघडले.

“किती वेळ?” त्यांनी विचारलं.

“अर्धं मिनिट असेल.”

“कसं वाटलं?”

“तोंडावर दार लावून घेतल्यासारखं.” “असं का केलंत? मी एवढं जिवाच्या आकांतानं सांगतेय...”

“मीही सांगत होतो. नळाचं, दुकानाचं.”

“मी लिहून घेत होते!”

“हो. चांगलं लिहितेस. अक्षर सुरेख आहे.”

...

वैजयंतीनं वहीकडं पाहिलं. मग अण्णांकडं. मग पुन्हा वहीकडं बघणार होती, ती मधेच थांबली.

“घरी,” अण्णांनी सावकाश विचारलं, “वही उघडल्यावर पोरगी काय करते?”

हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कसं? तेव्हा ती वहीत असायची. मान वर करायची तेव्हा समोर कोणी नसायचं, आणि तिला वाटायचं, पोरीला धीर म्हणून नाहीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत.

“जाते,” ती म्हणाली. “उठून जाते.”

अण्णांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं, नुसती माया होती. त्यांनी हात पुढं केला. वैजयंतीला वाटलं, डोक्यावरून हात फिरवणार. त्यांनी वही घेतली, स्वतःच्या खाली ठेवली आणि तिच्यावर मांडी घालून बसले.

“अण्णा! आठ महिन्यांची मेहनत आहे ती!”

“म्हणून तर. बसायला मऊ आहे.”

तेवढ्यात खिडकीपाशी खिळे कोसळले. अण्णांना हादरा कळला, वैजयंतीला आवाज कळला, आणि जुईला दोन्हींचं काही नव्हतं. ती खिडकीला नाक लावून बाहेर बघत होती. मग वळली. डोळे हे एवढे झाले होते. ती धावत अण्णांकडं यायला निघाली, कारण काही सांगायचं असलं की ती तिकडंच जायची.

अण्णांनी तिच्याकडं पाठ केली. छापायच्या जुन्या पायमशीनला तेल घालायची त्यांना भलतीच निकड लागली होती. वही मात्र त्यांनी काखेत मारून बरोबर नेली.

जुई मधेच उभी राहिली. तिनं आईकडं पाहिलं, नाइलाजानं पाहावं तसं.

वैजयंतीचा हात मांडीवर गेला. मांडीवर काही नव्हतं. तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि पोरीच्या तोंडाकडं बघत राहिली.

जुईनं थोडा वेळ वाट पाहिली. आई खाली बघेना.

मग तिचा एक हात आडवा झाला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या कडेनं सळसळत गेली. पाणी होतं ते, कळलं. अरुंद, वाकडंतिकडं पाणी. गटार? गटारच. तिनं आपल्या वेणीच्या लाल रिबिनीला बोट लावलं आणि पुन्हा गटार वाहवलं. शेजारच्या रंगाच्या कारखान्यातून सुतावरचा लाल रंग सुटून गटारात वाहत होता. वैजयंतीनं मान डोलावली. जुईची भुवई वर गेली, आई आहे अजून!

मग जुईचे कोपर फडफडले, मान पुढं-मागं झाली. कोंबडी. तिनं भिंतीचा चुना दाखवला. पांढरी. कोंबडी ऐटीत चालत आली, पाणी पिऊ की नको करत राहिली आणि पाय घसरून धपकन आत. मग तिची जी धांदल उडाली! दोन बोटांचे पाय आईच्या गुडघ्यावर चढले, साडीवरून पळाले, खांद्यावर गेले, दचकून थांबले आणि उलटे पळाले. आणि जिथून पळाले तिथं तिथं जुई अंगठा टेकवत गेली. लाल पावलं, सगळीकडं लाल पावलं.

खिडकी चार हातांवर होती. वैजयंती उठून बघायला गेली नाही. खरी कोंबडी बघायला गेली असती, तर ही हुकली असती.

तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून समोरचं दिसेना, म्हणून तिनं पदरानं घाईघाईनं डोळे पुसले.

मग तिनं विचारलं. वहीतलं काही आठवेना, तेव्हा जसं सुचलं तसं. ‘कोंबडी गेली कुठं?’ तिची कोंबडी कोंबडीसारखी झाली नाही, थंडीतापानं कुडकुडणाऱ्या माणसासारखी झाली. जुई पोट धरून हसली. तिनं आईचे दोन्ही कोपर धरले, बाहेर ओढले, खाली दाबले, मान जरा पुढं काढली, दोन पावलं मागं जाऊन पाहिलं आणि पसंत केलं.

आणि मग कोंबडी कुठं गेली ते सांगायला बसली. ते बरंच लांबलं. त्यात एक सायकलवाला होता, वाळत घातलेली एक पांढरी चादर होती आणि चादरीची मालकीण होती. सगळं सांगून झालं, तेव्हा जुई दमून आईच्या मांडीवर जिथं एरवी वही असायची तिथं डोकं टेकून पडली.

वैजयंती बराच वेळ हलली नाही. पण इतक्या वर्षांची पहिल्या बाकाची सवय, ती कुठं जाते? तिनं हळूच पाय लांब करून फरशी थोपटली.

अण्णा वळले. त्यांचे हात तेलानं माखले होते.

“अण्णा, मला बरोबर कळलं ना?” मांडीवरचं डोकं हलू न देता तिनं विचारलं. “कोंबडीच होती ना ती?”

अण्णांनी फडक्याला सावकाश हात पुसले. मग म्हणाले,

“कुठली कोंबडी? मी बघत नव्हतो.”