म्हणाव्याचा खांब

सावरघळीच्या वेशीत शिरलं की डाव्या हाताला एक उघडा चौथरा लागतो आणि त्याच्या मधोमध एकटाच सागवानी खांब. वर आढं नाही, भोवती भिंत नाही. धबधबा बघायला आलेली शहरातली मंडळी त्याला देव समजून हात जोडतात, कुणी कुंकवाचं बोटही लावतं. लावू नये. तो देव नव्हे. ज्या घराचा तो खांब, त्या घरात पाया पडण्यासारखं एकच माणूस होतं आणि तिच्या हयातीत तिच्या पाया कुणी पडलं नाही. गावात त्याला म्हणाव्याचा खांब म्हणतात.

घर भागाईचं. तिला दोन लेकरं, थोरली ठकू आणि धाकटा राणोजी. बाप गेला तेव्हा राणोजीने बहिणीच्या सासरी निरोप धाडला, पण धाडला असल्या माणसाबरोबर, की तो वाटेत बैलबाजारात रमला. ठकू येऊन पोचली तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. तिने भावाकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं ते फिरवलंच. राणोजीने तरी चुकलं म्हणावं, तर तोही फुगून बसला. पुढे ठकूचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. परसाकडच्या खोलीत तिने चूल मांडली, राणोजी पुढच्या सोप्यात बायकापोरांसह राहिला, आणि मधे लांबलचक माजघर.

बोलायचं झालं की दोघांना आई लागायची. “त्याला म्हणावं, गोठ्याचं दार लाव.” “तिला म्हणावं, माज सासरी ठिवून यायचा हुता.” भागाई एका पायाने अधू. एक पाऊल टेकायची, दुसरं घासत आणायची, आणि अशी दिवसभर माजघर तुडवायची. लेकरं दोन्ही धडधाकट आणि पळवायची कुणाला, तर लंगड्या म्हातारीला. गाव त्यांच्या नावाने थुंकायचं म्हणे, आणि बरोबरच थुंकायचं.

एकदा निरोप पोचवून परतताना भागाई मधल्या खांबाला टेकून बसली, ती उठली नाही. दोघं रडली, पण आपापल्या अर्ध्या घरात. दिवस घातले, पाहुणे गेले. ठकूचं मन आईच्या घोंगडीत अडकलं होतं. तिच्या तोंडून सवयीनेच गेलं, “त्याला म्हणावं, आईची घोंगडी माझ्याकडं दे.”

माजघरात पाऊल वाजलं. एक टेकलेलं, एक घासत नेलेलं. ते सोप्यापर्यंत गेलं आणि थांबलं. थोड्या वेळाने तसंच परत आलं, कारण तिकडे राणोजीही काहीतरी म्हणून बसला होता. पावलं यायची, निरोप मात्र पोचायचा नाही. मेलेल्या माणसाला पाय असतात, तोंड नसतं, असं आमच्याकडे सांगतात.

राणोजीची बायको पोरांना घेऊन माहेरी गेली. भगत आला, त्याने लिंबू कापलं, कोंबडं मागून घेतलं, आणि पावलं ऐकताच कोंबड्यासकट पळाला. पळता पळता एवढं मात्र सांगून गेला की म्हातारीचं काम संपलेलं नाही, ते संपेपर्यंत तिला वाट सापडायची नाही.

एवढं कळल्यावर तरी शहाणी माणसं काय करतील? या दोघांनी काय केलं ते ऐका. ठकू म्हणाली, “त्याला म्हणावं, आईला पळवू नगंस.” तिकडे तिचं न ऐकताच राणोजी म्हणाला, “तिला म्हणावं, तूच पळवतीस.” आणि भागाई तेही घेऊन निघाली. मूर्खपणाला कुठेतरी हद्द असते, पण या घरात ती नव्हती.

पुढे पुढे ठकूला फरक कळायला लागला. आता दोन्ही पावलं घासत येत होती. आई मेल्यावरही दमत होती. एका दुपारी पावलं खांबापाशी अडली, कुणीतरी खाली बसल्यासारखं वाजलं, मग कण्हत उठल्यासारखं. ठकू चुलीपुढून उठली आणि माजघरात आली. पलीकडून राणोजीही आला होता. मधे खांब.

‘त्याला म्हणावं’ तिच्या ओठांवर आलंच होतं. ते गिळून ती त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, “नालायका.”

पावलं थांबली.

“नालायक तू,” राणोजी म्हणाला. मग कित्येक वर्षांचं तुंबलेलं बाहेर पडलं. बाप काढला, सासर काढलं, बैलबाजारातला तो निरोप्या काढला. शेवटी राणोजी ओरडला, “एवढं इख हुतं पोटात, तर दर संक्रांतीला माझ्या पोरांना वड्या कशाला धाडत हुतीस?”

ठकू म्हणाली, “वड्या? म्या? तुझ्या पोरांना?” मग तिचा आवाज खाली आला. “आन् माझ्या तापात तू डाळिंब धाडलंस ते? आक्कीला म्हणावं, जिवाला जप, म्हणून?”

“म्या न्हाई,” राणोजी म्हणाला.

दोघं खांबाकडे बघत राहिली. दिलेले निरोप आईने कधी पोचवलेच नव्हते. पोचवलं ते सगळं तिचं स्वतःचं होतं. आणि ही लेकरं काय करत होती? तो वड्या खाऊन म्हणायचा, आली वळणावर. ती डाळिंब खाऊन म्हणायची, आता कळली होय चूक? आईची माया दोघांनी दुसऱ्याची हार समजून खाल्ली. मग मात्र दोघं रडली, या वेळी समोरासमोर. मिठी वगैरे मारली नाही. तसली माणसं नव्हतीच ती.

पावलं पुन्हा वाजली नाहीत. घर शांत झालं आणि त्या शांततेत आई खरी मेली. संध्याकाळी ठकूने भाकऱ्या भाजल्या आणि हळूच म्हणाली, “त्याला म्हणावं, भाकरी झालीया.” कान देऊन बसली. पुन्हा म्हणाली. काहीच वाजलं नाही. तवा निवून गेला तरी ती ऐकत होती. मग ती उठली, सगळं माजघर आपल्या पायांनी ओलांडून सोप्याच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “राणू, भाकरी झालीया.”

घर पुढे पडलं. लोकांनी दगड, वासे, कौलं नेली. खांबाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. आजही सावरघळीत भावंडांत अबोला पडला की गाव त्यांना आणून खांबाच्या दोन बाजूंना उभं करतं आणि शिव्या द्यायला लावतं. समेट झालाच पाहिजे असं नाही. शिवी तोंडावर दिली की पुरे. आणि आजही या गावात कुणी कुणाचा निरोप नेत नाही. पाहुणा चुकून बोलून गेला की अमक्याला म्हणावं, तर शेंबडं पोरही त्याला विचारतं, “का? तुमची आई मेली न्हाई का अजून?”